पुण्याहून काय आणलंस रं?

पुण्याहून निघालेली एस.टी. इंदापूर सोडून बावड्याच्या रस्त्याला लागली, की माणूस आपल्या पिशव्या चाचपू लागतो. घराच्या उंबऱ्यावर पाऊल पडताच कोणता प्रश्न येणार हे त्याला ठाऊक असते. "प्रवास कसा झाला?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न एकच, "काय आणलंस?" लहान भावंडे तो तोंडाने विचारतात, मोठी माणसे नजरेने विचारतात, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेच्या निमित्ताने पुण्याला जाण्याचा योग आला. बक्षीस मिळाले नाही. निदान हातात काहीतरी घेऊन जावे म्हणून परतीच्या गाडीला अर्धा तास असताना रस्त्यावरच्या एका हातगाडीवरून मी आजीसाठी पितळी फुलदाणी घेतली. तिच्यावर शनिवारवाड्याचे चित्र होते व खाली 'पुणे' अशी अक्षरे होती. आजीने ती हातात घेऊन तोलली, उलटी केली आणि बुडाशी नखाने खरवडली. पिवळा मुलामा निघाला व खालचा पांढरा पत्रा दिसू लागला.

"ही तर अकलूजच्या बाजारात बी मिळती," आजी म्हणाली, "त्यासाठी पुण्यापातूर कशाला गेलास? पुण्यात तांबट ऱ्हायलं न्हाईत का?"

आजीच्या लग्नात तिच्या वडिलांनी रुखवतात तांब्याचा बंब मांडला होता. तो पुण्याच्या तांबट आळीतला होता, असे ती अजून अभिमानाने सांगते. तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. पुण्याला मी तोवर चार-पाच वेळा गेलो होतो, परंतु तांबट आळी कोठे आहे हे मला माहीत नव्हते. तेव्हापासून शहरातून घरी काय आणावे, हा साधा वाटणारा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

इंग्रजीत अशा वस्तूला 'सुव्हेनिर' म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'आठवणे' असा आहे. आपल्याकडे त्यासाठी एकच एक शब्द नाही, पण चाल मात्र फार जुनी आहे. काशीला गेलेला यात्रेकरू तोंड बंद केलेल्या तांब्याच्या गडूतून गंगाजल घेऊन येई. घरी आल्यावर मावंदे होई, गंगेची पूजा होई आणि एखादा गडू न उघडता घरातील शेवटच्या क्षणांसाठी देव्हाऱ्यात जपून ठेवला जाई. रामेश्वरची वाळू काशीला न्यायची व काशीची गंगा रामेश्वरावर घालायची, हा तर दोन टोकांच्या गावांनी एकमेकांना दिलेला आहेरच म्हटला पाहिजे. पंढरीहून बुक्का, चुरमुरे व तुळशीची माळ येते, हे भीमाकाठच्या आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. युरोपातही मध्ययुगात हेच होते. इंग्लंडमधील कँटरबरीच्या यात्रेहून लोक कथील-शिशासारख्या मऊ धातूंचे बिल्ले आणि तीर्थाच्या लहान कुप्या आणीत. स्पेनमधील सांतियागोची यात्रा केलेल्याच्या टोपीवर समुद्रशिंपला दिसे.

या सर्व वस्तू स्वस्त होत्या, काही तर फुकट होत्या. तरीही त्यांना मान होता, कारण त्या दुसरीकडून येऊ शकत नव्हत्या. गंगाजल गंगेचेच हवे, नीरेचे चालत नाही. आज नेमकी हीच गोष्ट सुटली आहे. कोठल्यातरी कारखान्यात एकाच साच्यातून निघालेली फुलदाणी पुण्याला जाते तेव्हा तिच्यावर शनिवारवाडा येतो, महाबळेश्वरला जाते तेव्हा स्ट्रॉबेरी येते आणि अकलूजला येते तेव्हा काहीच येत नाही, म्हणून ती दहा रुपयांनी स्वस्त असते. वस्तूवर गावाचे नाव छापले म्हणून ती त्या गावची होत नाही. तेव्हा शहरात गेल्यावर "येथे काय विकतात?" असे न विचारता "येथे कोण काय बनवतो आणि ते येथेच का?" असे विचारले पाहिजे.

पुण्यापुरते बोलायचे तर या प्रश्नाची अर्धी उत्तरे रस्त्यांच्या नावांतच आहेत. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा ही नावे काही कोणा नगरसेवकाच्या स्मरणार्थ दिलेली नाहीत. त्या त्या आळीत ते ते कारागीर राहत, म्हणून ती पडली. काही ठिकाणी आता नावच उरले आहे, कारागीर गेले. काही ठिकाणी मात्र आजही हात चालू आहेत.

तांबट आळी कसबा पेठेत, पावले चौकाच्या परिसरात आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा पुण्याला गेलो तेव्हा पत्ता विचारण्याची फारशी गरज पडली नाही. एका वळणावर आवाज येऊ लागला आणि आवाजाच्या मागे गेलो. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या त्वष्टा कासार समाजाची ही वस्ती. राजधानीच्या शहराला भांडी लागत, देवळांना कळस व उपकरणी लागत, आणि ज्याला पैसा आहे असा गिऱ्हाईक दारात होता. कारागीर येथेच का आले, याचे उत्तर हे असे सरळ आहे.

पत्र्याची गोल चकती कापून तिला ठोकून आकार द्यायचा, ही कामाची सुरुवात. ठोकता ठोकता तांबे कडक होते व चिरण्याच्या बेतात येते. तेव्हा ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात व पुन्हा ठोकतात. पत्रा आता गिरणीतून तयार येतो आणि काही आकार यंत्रावरही निघतात. परंतु शेवटची क्रिया हाताचीच. तिला मठारणे म्हणतात. भांडे लोखंडी दांड्यावर धरून, तोंडाला आरशासारखी झिलई दिलेल्या हातोडीने त्यावर एकाशेजारी एक ठोके घालीत जायचे. प्रत्येक ठोक्याचा एक बारीक चकचकीत खळगा उमटतो. सगळे भांडे अशा खळग्यांनी भरले की उजेडात ते पाण्यावर ऊन पडल्यासारखे चमकते.

मला वाटत होते की ही केवळ नक्षी. तेथील एका म्हाताऱ्या कारागिराने माझा गैरसमज दूर केला. तापवून मऊ झालेले भांडे तसेच वापरले तर सहज पोचते. मठारल्याने ते पुन्हा टणक होते व रोजच्या वापरात आकार धरून राहते. म्हणजे शोभा ही येथे मजबुतीच्या पोटी जन्मलेली आहे. आमच्या सौंदर्यशास्त्राच्या तासाला हे उदाहरण उपयोगी पडावे.

या आळीचा मोठा आधार म्हणजे बंब. मधे निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, बाजूला तोटी. एके काळी महाराष्ट्रात ऐपतीच्या घरी न्हाणीघरात बंब असेच. पुढे विजेचे गीझर आले, मग गॅसचे आले, आता गच्चीवर सौरबंब आले. नावात तेवढा बंब राहिला, तांबटाचे काम गेले. त्याआधीच ताटवाटीत स्टील शिरले होते. मुले शिकून नोकरीला लागली व कारागिरांची संख्या घटत गेली. अलीकडे शोभेच्या व घरसजावटीच्या वस्तू, दिव्यांच्या छत्र्या, हॉटेलांसाठी पाण्याची भांडी अशी नवी कामे मिळू लागली आहेत, त्यावर उरलेले हात चालतात. येथून विकत घेतलेला एक लहान तांब्या म्हणजे कोणाच्या तरी अर्ध्या दिवसाची मजुरी असते, हे तेथे उभे राहून पाहिल्यावर कळते.

घ्यायचे झाल्यास काही गोष्टी पाहाव्यात. तांबे वजनावर विकतात व वर मजुरी लावतात, म्हणून भांडे आधी हातात तोलून पाहावे. आजीने केले तेच. उजेडात तिरके धरावे. हाताने मठारलेल्या भांड्यावरचे खळगे ओळीत असतात, पण एकासारखा दुसरा तंतोतंत नसतो. साच्यात दाबून काढलेली नक्षी मात्र शाळेतल्या मुलांसारखी एका गणवेशात उभी असते. पाण्याला तांबे तसेच चालते. स्वयंपाकाचे भांडे घेतल्यास आतून कल्हई हवीच, नाही तर आंबट पदार्थ कळकतो. कल्हई म्हणजे भांडे तापवून, नवसागर टाकून आत कथलाचा पातळ थर फिरवणे. आपल्याकडे पूर्वी कल्हईवाला दारावर येत असे. आता भांडे घेतानाच ती करून घ्यावी हे बरे.

तांबट आळीवर मी जरा रेंगाळलो, कारण तेथे माझे मन रमले. बाकीच्या आळ्यांतून भराभर जाऊ. बुरूड आळीत बांबूच्या सुपल्या, टोपल्या, परड्या मिळतात. लहान परडी वजनाला हलकी आणि खिशालाही हलकी असते. तुळशीबागेत गर्दी प्रसाधनाच्या वस्तूंसाठी लोटते, पण नारो आप्पाजी खिरे यांनी उभारलेल्या त्या राममंदिराच्या परिसरात पितळी भातुकली मिळते, तिच्याकडे आपल्या गावच्या माणसाने जरूर पाहावे. चूल, जाते, उखळ, घंगाळ, शेवगा, सगळे बोटभर उंचीचे. जी भांडी घराघरांतून नाहीशी झाली ती खेळण्यात शिल्लक राहिली आहेत. धाकट्या बहिणीला जाते म्हणजे काय हे मी त्या खेळण्यावरूनच शिकवले.

कागदीपुरा आता नावापुरता असला तरी पुण्यात हातकागद अजून बनतो. के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून १९४० साली शिवाजीनगर भागात हातकागद संस्था उभी केली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनवलेला तो खरबरीत कागद, त्याच्या वह्या व पाकिटे ही लिहिणाऱ्या माणसाला देण्याजोगी वस्तू आहे. वजन नाही, फुटण्याची भीती नाही.

आणि आपण कला शाखेची मंडळी असल्याने पुस्तके वगळून कसे चालेल? अप्पा बळवंत चौक आपल्याला क्रमिक पुस्तकांसाठी ठाऊक असतो. तथापि पुण्यात अशी पुस्तके मिळतात जी दुसऱ्या गावच्या दुकानात सहसा दिसत नाहीत. वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ साली सुरू झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, या संस्थांची स्वतःची प्रकाशने आहेत. इतिहासाच्या प्राध्यापकांसाठी यापेक्षा वेगळी भेट शोधून सापडणार नाही. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एखादी प्रत घ्यावी. तिच्या पहिल्या पानावर कोणा अनोळखी माणसाने कोणा अनोळखी माणसाला दिलेली भेट नोंदलेली असते. ते पुस्तक आधीच एकदा कोणाची तरी आठवण होऊन गेलेले असते.

बुधवारी व रविवारी कुंभारवेशीजवळ जुना बाजार भरतो. अडकित्ते, कुलपे, ग्रामोफोनच्या तबकड्या, नाणी, घड्याळे, स्क्रू, नट, सगळे एका पथारीवर मांडलेले असते. येथे मौज पुष्कळ आहे, परंतु डोळे उघडे ठेवावेत. नवी पितळी वस्तू आम्लाने काळवंडून जुनी म्हणून गळ्यात मारणे अवघड नाही. शिवाय एक कायदाही लक्षात असावा. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपत्ती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित, ही पुरावस्तू ठरते व ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ज्यांचे मामा-काका परदेशी आहेत त्यांनी खरीखुरी जुनी मूर्ती भेट म्हणून धाडण्याच्या भानगडीत पडू नये. अर्थात, बाजारातल्या बहुतेक 'पेशवेकालीन' वस्तूंना या कायद्याचे भय नाही!

खाण्याच्या वस्तूंविषयी लिहिले नाही तर वाचक रागावतील. बाकरवडी ही पुण्याची खूण खरी. पण ती डबाबंद होऊन गावोगाव पोचली, तेव्हा तिचे नवल कमी झाले. लष्कर भागातल्या इराणी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे घ्या. श्रूजबेरी हे इंग्लंडमधील एका गावाचे नाव. त्या गावाच्या नावाचे बिस्किट, भाजले इराण्यांनी, आणि प्रसिद्ध झाले पुण्याचे म्हणून. मग 'येथलेच' म्हणजे काय, असा प्रश्न कोणी करील. माझे उत्तर असे, की एखादी वस्तू कोठून आली यापेक्षा ती कोठे रुजली हे महत्त्वाचे. तांबट तरी कोकणातूनच आले. खाऊचा दोष इतकाच, की तो दुसऱ्या दिवशी उरत नाही. आळीतल्या बारा घरी तो वाटला जातो हा गुणही त्यातच आला.

पुण्याबाहेर पाहिले तरी हाच नियम दिसतो. अस्सल वस्तू ओळखणे सोपे व्हावे म्हणून आपल्या देशात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला व तो २००३ पासून अमलात आला. सोलापुरी चादर, पुणेरी पगडी, पैठणी, कोल्हापुरी चप्पल यांना असे मानांकन मिळाले आहे. पुणेरी पगडीला ते २००९ साली मिळाले. कोल्हापुरी चपलेची कथा तर जगभर गाजली. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथे तशाच चपला आपल्या म्हणून दाखवल्या, आणि इकडे ओरड झाल्यावर त्यांचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांनाही २०२४ साली मानांकन लाभले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पिकतात कोठे? पंढरपूरच्या परिसरात, म्हणजे आपल्याच भीमेच्या खोऱ्यात. मिरजेहून तंबोरा आणणारा माणूस अर्धी वस्तू स्वतःच्याच नदीकाठची परत आणीत असतो.

यावरून मला बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची आठवण येते. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. राजा हा त्यांचा बालपणीच गेलेला मुलगा. त्याच्या स्मृत्यर्थ त्यांनी संग्रहाला त्याचे नाव दिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना या कामी मोठी साथ होती. राजेरजवाड्यांच्या तलवारी-चिलखते जमवणारे पुष्कळ असतात. केळकरांनी दिवे जमवले, अडकित्ते जमवले, फण्या, दौती, वज्री, पानपुडे, स्वयंपाकघरातली भांडी, वाड्यांचे कोरीव दरवाजे जमवले. सुमारे २०,००० वस्तूंचा हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० साली ते वारले.

त्या दालनातून फिरताना एका गोष्टीने मी अस्वस्थ झालो. केळकर या वस्तू शोधीत देशभर हिंडले, गावोगावच्या घरांतून त्यांनी त्या आणल्या. म्हणजे आपण गावाहून शहरात जाऊन काय आणावे याचा विचार करतो, आणि हा शहरातला माणूस गावांकडून हे सारे घेऊन आला! काचेच्या कपाटातला एक अडकित्ता हुबेहूब आमच्या आजोबांच्या अडकित्त्यासारखा होता. आमचा कोठे आहे? आणि तो रुखवतातला बंब? घरी आल्यावर वडिलांना विचारले. न्हाणीत गीझर बसवला त्या वर्षी बंब मोडीत गेला. वजनावर पैसे आले व त्यांत थोडी भर घालून स्टीलची पिंपे घेतली. त्यांत कोणाचे चुकले असे मी म्हणणार नाही. निखारे घालायला घरात सरपणही उरले नव्हते. पण तांबट आळीतल्या त्या म्हाताऱ्याला मी "आमच्याकडे तुमच्या आळीतला बंब आहे" असे ऐटीत सांगून आलो होतो. तो हातातले काम थांबवून म्हणाला होता, "तोटीच्या वर पाहा, बनवणाऱ्याचा ठसा असेल. माझ्या वडिलांचासुद्धा असायचा."

अडकित्ता मात्र सापडला. माळ्यावर, घोंगडीच्या घडीत. आता तो माझ्या टेबलावर आहे.

तांबट आळीतून मी आजीसाठी लहानसा मठारलेला तांब्या आणला होता. त्यावर कोठेही 'पुणे' असे लिहिलेले नव्हते. आजीने तो तोलला, उलटा केला, बुडाशी नख लावून पाहिले. मग अंगठा ठोक्यांवरून एका बाजूने फिरवीत ती उन्हाकडे वळली.

"किती भरला?" तिने विचारले.

मी वजन सांगितले.

"आन् मजुरी किती घेतली?"

मी पन्नास रुपये कमी सांगितले.